जास्वंदीवरचं पीठ

पिठ्या ढेकूण अंगठ्याने चिरडला की गुलाबीसर डाग पडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अंगठ्यालाच कळलं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी गॅलरीत पाट टाकून बसले होते. जास्वंदीचा एकेक शेंडा हातात घ्यायचा आणि त्यावरचं पांढरं पीठ चोळून काढायचं, असं चाललं होतं. शेंडे आधीच आकसलेले. पानं कोबीच्या गाभ्यासारखी एकमेकांत गुंडाळलेली, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन तिथेच थिजलेल्या. त्या पिठात मधेच एखादा दांडगा, झिपऱ्या झिपऱ्या लोंबणारा पांढरा किडा दिसे. बाकीचे जागचे हलत नसत, हा मात्र चांगला तुरुतुरु पळे. मला वाटलं, हाच यांचा म्होरक्या. म्हणून त्याला आधी टिपत होते. अकरा मारले, मोजून. संध्याकाळी नवऱ्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा.

ते अकरा पुढे फार महागात पडले.

आमची गॅलरी काही मोठी नाही. सिंहगड रस्त्यावर तिसरा मजला, बारा बाय चार फूट, सकाळचं ऊन, आणि त्यात दाटीवाटीने बत्तीस कुंड्या. त्यातल्या तीस माझ्या. उरलेल्या दोन, म्हणजे तुळस आणि जास्वंद, सासूबाईंच्या. जास्वंदीची फांदी त्यांनी गुहागरहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. साधी, लाल, पाच पाकळ्यांची. नर्सरीतल्या ताटलीएवढ्या पिवळ्या-केशरी जास्वंदी त्यांच्या लेखी जास्वंदीच नव्हेत. रोज सकाळी आंघोळ झाली की गणपतीला एक फूल, एवढीच त्यांची त्या झाडाकडून अपेक्षा. आणि किडकं फूल देवाला चालत नाही. त्या महिन्यात गणपती सलग बावीस दिवस दूर्वांवर होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पूजेची रिकामी परडी त्या रोज मला दिसेल अशी ठेवत होत्या.

म्हणून मी नर्सरीत गेले. तिथल्या माणसाने शेंड्याचा फोटो बघितला न बघितला केला आणि काउंटरखालून एक छोटी बाटली काढली. मोठ्या डब्यातून ओतून भरलेली, वर ना नाव ना चिठ्ठी. "हे औषध मारा. एक झाकण, बादलीभर पाणी. दोन दिवसांत सगळं साफ."

औषध. आपल्या भाषेत हा शब्द किती बेमालूम बसलाय बघा. सर्दीवरही औषध आणि किड्यांवरही औषधच. शेतावर 'औषध मारतात', दुकानात 'औषध आलंय का' विचारतात. आणि गावाकडे कुणी 'औषध प्यायला' असं दबक्या आवाजात सांगितलं, की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. तेही औषधच मारत होते. निदान शेतीच्या डब्यावर एक त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. माझ्या बाटलीवर कुठलाच रंग नव्हता. झाकण नक्की कशाचं, बाटलीचं की डब्याचं, हेही मी विचारलं नाही. बँकेत लोकांना सही करण्याआधी कागद वाचायला सांगते, आणि इथे हे असं.

नाकाला ओढणी बांधून फवारलं. रात्रभर डोकं ठणकलं. दोन दिवसांनी खरंच सगळं साफ झालं. पीठ वाळून पिवळट पडलं, मुंग्या दिसेनाशा झाल्या, फरशीवर दोन मधमाश्या उताण्या पडलेल्या. कोळ्यांची जाळीसुद्धा रिकामी. सासूबाईंनी तेवढी तुळस आदल्या रात्रीच उचलून आत नेली होती. "तिची पानं तीर्थात जातात," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा तो टोमणा वाटला. खरं तर ती साधी, सरळ माहिती होती. तुळशीवर जे माराल ते पोटात जाणार. कढीपत्त्याचं तेच, पुदिन्याचं तेच, गवती चहाचंही तेच. घरातल्या झाडांमधली निम्मी आपण कधी ना कधी तोंडात घालतो.

तीन आठवड्यांनी पिठ्या परत आला. पूर्वी चार शेंड्यांवर होता, आता खोडाच्या बेचक्यांत, पानांच्या देठांत, एवढंच काय, कुंडीच्या कडेखालीसुद्धा. आणि मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीतून थेट जास्वंदीपर्यंत, लग्नाच्या वरातीसारखी.

तासगावला माझे मामा द्राक्षं करतात. त्यांना फोन केला, कारण रडायला हक्काचं माणूस हवं होतं. मामा म्हणाले, फोटो पाठव. माझ्याकडे त्या ऑक्टोबरातल्या रविवारचे फोटो होते, चिरडायच्या आधी काढलेले. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन.

"काय गं, ही डावीकडं झिपरी आहे, ती काय केलीस?"

"मारली. अकरा होते तसले."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग मामा हसायला लागले. "अगं बाई, तो क्रिप्टो. क्रिप्टोलेमस. आम्ही पैसे मोजून विकत आणतो ते, आणि तुझ्याकडं फुकट चालून आलेले."

तर गोष्ट अशी होती. क्रिप्टोलेमस हा एक ढालकिडा, म्हणजे ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले गोल भुंगे असतात ना, त्यांच्यातलाच. हा मात्र ठिपकेवाला नाही. जेमतेम चार मिलिमीटरचा, पाठ काळपट तपकिरी, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. त्याची मादी अंडी घालते ती नेमकी पिठ्याच्या कापसाळ पुंजक्यात. त्यातून निघणारी अळी पिठ्याची अंडी खाते, पिल्लं खाते, मोठे पिठ्येही खाते. आणि हे सगळं ती त्यांच्यासारखीच दिसत करते. अंगभर पांढरं मेण, त्या मेणाचे लांब धागे. पूर्ण वाढली की पिठ्याच्या तिप्पट लांब भरते. पिठ्याची राखण करणाऱ्या मुंग्या इतर किड्यांना चावून हुसकतात, पण या मेणाच्या घोंगडीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. म्हणजे मेंढ्यांच्या कळपात मेंढीचं कातडं पांघरून शिरलेला लांडगा, आणि तो लांडगा माझ्या बाजूचा. मी नेमके तेच वेचून मारले होते. जे माझ्या अंगठ्यातून वाचले ते बाटलीने संपवले. मग पिठ्याला रान मोकळं. त्याची अंडी कापसात सुरक्षित, त्याला खाणारं कुणी नाही, तीन आठवडे पुरेसे झाले.

मामांच्या बागेतला पिठ्या आणि माझ्या जास्वंदीवरचा पिठ्या यांत फरक नाही, हेही तेव्हाच कळलं. एकाच जातीचा, गुलाबी रंगाचा. याच्या लाळेत काहीतरी विषारी असतं, म्हणून शेंडे असे चुरगळतात. द्राक्षात तो उन्हाळ्यात खोडाच्या सुट्या सालीखाली दडून बसतो आणि घड भरायला लागले की वर चढतो. मग मण्यांवर कापूस, चिकटा, त्यावर काळी बुरशी. तो माल कुणी घेत नाही. "सालीखाली औषध पोचतंय कुठं?" मामा म्हणाले. "बाहेरचं मरतं, आतलं हसतं. म्हणून छाटणी झाली की आम्ही खोडाची सुटी साल काढतो. आणि भुंगे सोडतो. ते जातात आत, त्यांना कुणी वाट दाखवावी लागत नाही."

हे भुंगे वाढवतात कशावर, तर लाल भोपळ्यावर. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती ऑफिसात निदान पाच जणांना सांगितली आहे. खोल रेघांचा, घट्ट देठाचा भोपळा निवडायचा. जाळीच्या पेटीत ठेवून त्यावर आधी पिठ्या पोसायचा. त्या खाचांमध्ये तो मजेत वाढतो, सगळा भोपळा पांढराफटक झाला की मग त्यावर भुंगे सोडायचे. महिनाभरात भुंग्यांची पुढची पिढी तयार. आपण ज्याचे घारगे करतो त्या भोपळ्यावर कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणी जाणूनबुजून कीड वाढवतंय, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला.

मूळचा हा भुंगा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ मध्ये तो कॅलिफोर्नियात नेला, आणि १८९८ मध्ये भारतात आणला, कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्याने फार मनावर घेतलं नाही असं दिसतं, पण तो इथे राहिला, रुळला, पिठ्यावर जगायला लागला. पुढे १९९४ मध्ये हाच गुलाबी पिठ्या कॅरिबियन बेटांवर ग्रेनाडात उपटला. तिकडे रस्तोरस्ती जास्वंदीची कुंपणं, ती धडाधड वाळू लागली. शेजारच्या त्रिनिदादला त्यावर उपाय म्हणून जे भुंगे नेले ते भारतातून. शंभर वर्षं इथल्या मातीत राहिलेला पाहुणा इथलाच होऊन पुढे निर्यात झाला. आणि माझ्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर, तो कुणी न बोलावता आला होता. हे आठवलं की अजून अंगठा लपवावासा वाटतो.

मामा एप्रिलात एका लग्नाला पुण्याला येणार होते. तोवर झाड तगवायचं होतं, आणि तेही असं की भुंगे आले तर त्यांनी जगावं.

पहिलं काम मुंग्यांचं. पिठ्या काय, मावा काय, दोघेही झाडाचा रस इतका पितात की जास्तीचं गोड पाणी मागून टाकत राहतात. पानं आणि फरशी हाताला चिकट लागते ती त्यानेच. मुंग्या त्या गोडासाठी या किड्यांना गुरांसारखं राखतात, शत्रूला हाकलतात. मुंग्या तोडल्या की निम्मी लढाई होते. यावर तोडगा सासूबाईंनी काढला. त्यांच्या माहेरी दुधादुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत असत. तसं कुंडीखाली तिवई ठेवली आणि तिचे पाय वाट्यांत. डासांची अंडी नकोत म्हणून पाण्यावर गोडेतेलाचे चार थेंब. खोडाला बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा. फांद्या भिंतीला आणि गजांना टेकणार नाहीत अशा छाटल्या, नाहीतर मुंग्या पूल सोडून बोगद्याने येतात. चौथ्या दिवशी वरात बंद.

दुसरं पाणी. हसू नका. नळीला बोट लावून जोराचं पाणी पानांच्या खालच्या अंगाला मारणं, याने माव्याचं जेवढं काम होतं तेवढं बऱ्याच बाटल्यांनी होत नाही. मावा मऊ अंगाचा, तोंडाची सुई पानात खुपसून बसलेला. पाण्याच्या माऱ्याने तो खाली पडला की बहुतेक वेळा परत वर चढत नाही. फक्त हे एकदा करून भागत नाही. मावा नराशिवायच पिल्लं घालतो, थेट जिवंत, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच तयार होत असतात. म्हणून एक दिवसाआड, आठ-दहा दिवस. लाल कोळ्यालाही पाणी सोसत नाही. हा किडा नव्हेच, आठ पायांचा, कोरड्या उन्हात फोफावतो. मार्च-एप्रिलात गुलाबाची पानं धूळ बसल्यासारखी फिकट दिसायला लागली की पान पांढऱ्या कागदावर झटकायचं. ठिपके चालायला लागले तर तो. दोन-तीन दिवसांनी पानांच्या पोटाला अंघोळ घातली की हटतो.

पिठ्याला नुसतं पाणी पुरत नाही, त्याच्या मेणावरून ते घरंगळतं. म्हणून कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट, एकेका पुंजक्याला. वेळखाऊ काम आहे. पण पंधरा मिनिटं रोज झाडाशी बसलं की काय कुठे आहे ते कळायला लागतं, आणि इथेच भिंगाचा प्रवेश झाला. सासूबाईंचं पंचांग वाचायचं काळ्या मुठीचं भिंग. माझ्या हातात स्पिरिटचा बोळा आणि त्यांच्या हातात भिंग, अशी आमची जोडी. "थांब, हा नको. याचे पाय दिसतायत." मग आम्ही दोघी त्या जिवाकडे बघत बसायचो. तो खरंच कोण आहे ते ठरेपर्यंत बोळा वाळून जायचा.

आणि मग कडुनिंब. त्याबद्दल जरा सविस्तर, कारण लोक त्याला एकतर देव करतात नाहीतर बोगस म्हणतात. निंबाने किडा टपकन मरत नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किड्याची भूक घालवतं आणि त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणजे लहानाचा मोठा होताना तो अडकतो. ज्याला दुसऱ्या दिवशी प्रेतं मोजायची असतात त्याला हे औषध लागू पडलं नाही असंच वाटणार. शिवाय ते उन्हात टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल, पण तेल पाण्यात मिसळत नाही, त्यासाठी आधी तेलात थोडा द्रव साबण घोटायचा आणि मग थोडं थोडं पाणी. पुण्याच्या डिसेंबरात तेल बाटलीत थिजतं, बाटली कोमट पाण्यात उभी करावी लागते. साबण सौम्य घ्यावा. मी एकदा भांड्यांचा साबण सढळ हाताने घातला आणि माझा नेचा करपून गेला. नव्या झाडावर आधी एका पानाला लावून दोन दिवस बघायचं, हे त्या नेच्याच्या पुण्याईने शिकले.

तेल नसेल तर निंबोळी. जूनमध्ये सोसायटीच्या निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा खच पडतो आणि झाडूवाल्या मावशी वैतागतात. आम्ही दोघी पिशवी घेऊन जातो. गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या, गरज पडेल तेव्हा कुटायच्या. पन्नास ग्रॅम भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून पिळली आणि लिटरभर केली की झाला पाच टक्क्यांचा अर्क. ताजाच वापरायचा. वास दोन दिवस हाताला राहतो, त्याला इलाज नाही.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटेरर यांनी १९५९ मध्ये सुदानमध्ये पाहिलं की टोळधाडीने सगळं हिरवं फस्त केलं, पण निंबाची झाडं तेवढी शाबूत राहिली. त्यानंतर निंबावर जगभर प्रयोगशाळा कामाला लागल्या. त्यातूनच पुढे १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला युरोपात निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट मिळालं. ते २००० मध्ये रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. हे आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत असतं. पण रद्द करताना जो पुरावा महत्त्वाचा ठरला तो आजीबाईच्या बटव्याचा नव्हता. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांसमोर घेतलेल्या चाचण्यांचा होता. हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या सांगलीत? मग आम्हाला कुणी सांगितलं न्हाई ते." आणि मिशीत हसले.

एक मात्र सांगायलाच हवं. 'रसायन नको' म्हणजे 'झाडापासून आलेलं काहीही चालेल' असं नाही. आमच्या सोसायटीतले एक काका सगळ्यांना तंबाखूचं पाणी मारायला सांगतात. नैसर्गिक आहे म्हणतात. तंबाखूतलं निकोटीन हे जहाल विष आहे, कातडीतून अंगात भिनतं, आणि ज्या आधुनिक कीटकनाशकांवर मधमाश्यांसाठी ओरड होते त्यातला एक मोठा गट निकोटीनच्याच धर्तीवर बनवलेला आहे. वर तंबाखूतला विषाणू मिरची-टोमॅटोला लागायची भीती वेगळीच. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं खातोय, मला काय झालं?" यावर काय बोलणार.

राखेचं मला पटतं. सासूबाईंच्या लहानपणी चुलीतली राख चाळून, पहाटे दव असताना, पडवळ-दोडक्याच्या वेलांवर भुरभुरत. दव म्हणजे डिंक. मऊ अळ्यांना ती कोरडी राख सोसत नाही. गॅसच्या घरात राख कुठली, म्हणून त्या उदबत्तीची राख साठवतात. महिनाभरात चमचाभर होते. तेवढ्याने बत्तीस कुंड्यांचं काय होणार, पण मी डबी फेकत नाही.

घरातल्या झाडांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. हॉलमधल्या मनीप्लांटभोवती चिलटं फिरत होती, तर ती कीड नव्हती, माझ्या पाणी घालण्याची चूक होती. माती वरून दोन बोटं कोरडी होऊ दिली, पिवळा चिकट कागद खोचला, गेली. खताचंही तसंच. भरपूर नत्र घातलं की लुसलुशीत पालवी येते आणि ती सगळ्यात आधी माव्याला कळते.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी. त्यावर एकदा पक्ष्याची शीट पडलेली दिसली, पुसायला गेले तर ती सरकली. लहानपणी ही अळी अशीच दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या या फुलपाखरांच्या अळ्या. राणी पाकोळी, जिला २०१५ पासून आपण राज्य फुलपाखरू म्हणतो, तिचीही पिल्लं याच कुळाच्या झाडांवर वाढतात. माझ्याकडे आलेली बहुधा साधी लिंबाळी असावी. पण ती पाच अळ्यांत अर्धं झाड संपवत होती. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "फोडणीला दोन पानं लागतात. बाकीचं त्यांना खाऊ दे." झाड तीन आठवड्यांत पुन्हा फुटलं. पाचांतल्या दोघी कोष करून उडाल्या, बाकीच्यांना बुलबुल भेटला. कीड कुठली आणि पाहुणा कुठला, हे आमच्याकडे असं झाडागणिक ठरतं. यात सुसंगती आहे असा माझा दावा नाही.

एप्रिलात मामा आले ते लग्नाच्या कपड्यांत, हातात आहेराचं पाकीट आणि झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी. आत कागदाच्या पट्ट्या आणि त्यांवर वीसेक भुंगे. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पट्ट्या जास्वंदीच्या बेचक्यांत अडकवल्या. त्याआधी तीन आठवडे मी निंबाला आणि साबणाला हात लावला नव्हता, आणि मामांच्या सांगण्यावरून दोन शेंडे पिठ्यासकट मुद्दाम राखले होते. "घरात दाणा नसंल तर पाहुणा राहील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही भुंगा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी एक, पडद्यावर. मला वाटलं, गेले सगळे सिंहगडावर. आठवडा गेला, दहा दिवस गेले. पिठ्या होता तेवढाच. बोळा घ्यायला हात शिवशिवत होते. त्या दिवसांत स्वतःला आवरणं हे सगळ्यात अवघड काम होतं. बाटलीचा मोह मला तेव्हा नीट कळला. काहीतरी केल्याचं समाधान ती लगेच देते.

बाराव्या की तेराव्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली. भिंगाखाली एक पिठ्याचा पुंजका होता, आणि तो हलत होता. नीट बघितलं तर पुंजक्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी एक झिपरी. डोकं कापसात खुपसलेलं. मागचा भाग लाटेसारखा पुढे-मागे होत होता. मधेच ती थांबली, डोकं बाहेर काढलं, तोंडाला कापसाचा तंतू चिकटलेला, पुन्हा आत. आम्ही दोघी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "जेवतेय." जसं एखाद्या पोराबद्दल सांगावं तसं.

मे संपेपर्यंत पुंजके रिकामे झाले. कापूस राहिला, आत कुणी नाही. जूनच्या पावसाने तोही धुऊन नेला. भुंग्यांना खायला उरलं नाही तसे तेही पांगले. झाड मी निम्मं छाटलं होतं, त्याला जुलैत सरळ, न चुरगळलेली पानं आली. गणेशचतुर्थीला सात फुलं होती. सासूबाईंनी प्रत्येक फूल देठाला धरून परडीवर झटकलं, पाकळ्यांच्या आत भिंगाने पाहिलं. एका फुलाच्या कडेला कुणीतरी अर्धचंद्र कुरतडला होता. ते त्यांनी बाजूला ठेवलं. आरती झाल्यावर पाहिलं तर सातही फुलं वाहिलेली. विचारलं नाही.

पिठ्या संपलाय असं मी म्हणणार नाही. आताच गेल्या आठवड्यात मोगऱ्याच्या बुंध्याशी पांढरं दिसलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या क्रोटनला तर तो भरपूर लागलाय. परवा त्या खाली आल्या, आमची जास्वंद बघून म्हणाल्या, "काकू, तुम्ही काय मारता हो हिच्यावर? मला नाव द्या ना लिहून."

सासूबाई आत गेल्या आणि भिंग घेऊन आल्या. "आधी हे ने आणि कोण कोण आहे ते बघून ये. पण संध्याकाळी आणून दे हं, उद्या चतुर्थी आहे, चंद्रोदय बघायचाय पंचांगात."